आधी खोटं काढून बघा

कॉम्प्युटरने ‘पुढे जाऊ का?’ असं विचारलं, की आमचे रुबेनकाका खुर्चीतून उठतात आणि हात धुऊन येतात.

म्हणजे होतं असं. लिनक्स नावाच्या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर एखादं नवीन सॉफ्टवेअर बसवायचं असलं की तो काळा पडदा आधी सांगतो, अमुक अमुक येणार आहे, त्याच्याबरोबर तमुक तमुक येणार आहे, इतकी जागा लागेल, पुढे जाऊ का? तुम्ही-आम्ही अशा वेळी काय करतो? हो म्हणतो. वाचत बसायला वेळ कुणाला आहे? काका मात्र त्यातलं प्रत्येक नाव मोठ्याने वाचतात, वर्गात हजेरी घ्यावी तसं. मग चष्मा काढून ठेवतात, बेसिनपाशी जाऊन साबणाने हात धुतात, नॅपकिनला पुसतात आणि परत येऊन एका बोटाने होकाराचा ‘वाय’ दाबतात. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा विचारलं, “काका, हात कशासाठी?” तर म्हणाले, “अरे, घरात नवीन माणसं येतायत. कळकट हातांनी घ्यायचं का त्यांना?”

रुबेन गोठेकर हे त्यांचं नाव. पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते तिसऱ्या मजल्यावर आणि मी बरोबर त्यांच्या खाली, दुसऱ्यावर. काका बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. गोठेकर ही पाटी वाचून गणपतीच्या वर्गणीवाली पोरं बिनधास्त बेल मारतात. काका वर्गणी देतात, आणि मग खाली उतरून मंडळाच्या लायटिंगच्या वायरींमध्ये चुका काढतात. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी उभी हयात स्टोअर सांभाळलं. रिटायर झाल्यावर आमच्या कॉलनीतली माणसं सकाळी चालायला जातात आणि एकमेकांना साखरेचे आकडे सांगतात. काकांनी लिनक्स धरलं.

धरलं म्हणजे किती? त्यांच्या हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर पाच कॉम्प्युटर आहेत. सगळे जुने, कुठल्या ना कुठल्या बंद पडलेल्या ऑफिसातून उचललेले. लिनक्समध्ये गाण्यासारखी घराणी असतात, आणि प्रत्येक घराण्याची सॉफ्टवेअर आणायची-काढायची रीत वेगळी. ते काम बघणाऱ्या कारभाऱ्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. काकांच्या टेबलावर पाच घराण्यांचे पाच कारभारी शेजारी शेजारी बसलेले आहेत. दर रविवारी त्यांची परीक्षा असते. एकच सॉफ्टवेअर पाचही ठिकाणी बसवायचं, आणि मग पाचही ठिकाणांहून काढायचं. बसवलेलं सॉफ्टवेअर काका वापरत मात्र नाहीत. माझी बायको वैशाली एकदा न राहवून म्हणालीच, “काका, तुम्ही बसवता आणि काढता. वापरता कधी?”

“वापरायचं काय गं, कुणीही वापरतं,” काका म्हणाले.

टेबलावर मशीनं, मग काका जेवतात कुठे, असं तुमच्या मनात आलं असेल. ओट्यापाशी, उभ्याने. फ्लोराकाकू इथे असत्या तर हे चाललं नसतं. त्यांनी दोन दिवसांत पाचही कारभारी भंगारवाल्याला दिले असते. पण काकू इथे नाहीत. त्यांची मुलगी एस्थर इस्राएलमध्ये अश्दोदला नर्स आहे. तिला मुलगी झाली तेव्हा काकू बाळंतपणाला म्हणून गेल्या, आणि एस्थरच्या शिफ्टा आणि नातीचं आजारपण यांत अडकून तिकडेच राहिल्या. आता नात बालवाडीत जाते. दर रविवारी सकाळी तिकडून फोन येतो आणि एस्थर विचारते, “पप्पा, तुम्ही कधी येताय?” काकांचं उत्तर ठरलेलं.

“टेस्टिंग चालू आहे.”

काका जाणार की राहणार, हा आमच्या बिल्डिंगचा कायमचा विषय. तिकडे बायको, मुलगी, नात. इकडे पाच जुनाट डबे. यात एवढं टेस्टिंग कसलं करायचं, हे कुणाला कळत नव्हतं. वैशालीचं मत, नवराबायकोचं काहीतरी बिनसलंय. सेक्रेटरी हरिश्चंद्र पाटलांचं मत, म्हातारा मशीनच्या नादाला लागला. पाटील मूळचे इथलेच, जुन्या गावठाणातले. शुक्रवारी संध्याकाळ झाली की काका पाचही मशीनं बंद करून त्यांवर चादर घालतात आणि शनिवारभर त्यांना हात लावत नाहीत, कारण शनिवार हा त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. पाटील ते बघून एकदा म्हणाले, “काका, तुमच्या मशीनला पन सुट्टी हाय. आमाला नाय भेटत.”

मला विचाराल तर काका जाऊ नयेत असं माझं मत होतं, आणि त्यात शंभर टक्के स्वार्थ होता. माझं स्टेशनच्या बाजूला डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, हळदीच्या पत्रिका, बारशाची कार्डं. आमच्या भागातल्या हळदीच्या पत्रिकेवर इतकी नावं असतात की नवरदेवाचं नाव शोधावं लागतं. एका सीझनला माझ्या दुकानातल्या मशीनमध्ये व्हायरस शिरला आणि सगळ्या पत्रिका खाऊन गेला. मी कपाळाला हात लावून बसलो होतो, तेव्हा काका पेनड्राइव्ह घेऊन आले. दोन दिवसांत त्यांनी दुकानात लिनक्स घातलं, मराठी फॉन्ट बसवले, आणि मला समोर बसवून धडा दिला.

“हे बघ, पॅकेज मॅनेजर म्हणजे स्टोअरकीपर. तू खिडकीवर येतोस, म्हणतोस पंप पाहिजे. चांगला स्टोअरकीपर नुसता पंप देत नाही. त्याला लागणारं गॅस्केट देतो, बोल्ट देतो, कपलिंग देतो. आणि हे सगळं कुठल्या रॅकमधनं आलं ते त्याला माहीत असतं. तू आजवर काय करत होतास? बाजारात फिरून जो दिसेल त्याच्याकडून पंप उचलत होतास. त्याच्या खिशात काय होतं ते तुला काय ठाऊक?”

मला ते पटलं. मग काकांनी पाचही कारभाऱ्यांची ओळख करून दिली. स्वतःच्या भावांबद्दल बोलावं तसं ते त्यांच्याबद्दल बोलतात, म्हणजे दोष दाखवतात पण दुसऱ्याला दाखवू देत नाहीत.

“तुला मी एप्ट दिलाय. जुना माणूस आहे. नवीन माल झटकन देणार नाही, आधी महिनोन्महिने हाताळून बघेल. पण दिला तो परत आणायची पाळी येत नाही. डीएनएफ हा ऑडिटमधून आल्यासारखा. प्रत्येक व्यवहाराला नंबर टाकतो. गेल्या महिन्यात काय केलंस ते सांग म्हटलं की सांगतो, उलटं फिरव म्हटलं तर फिरवूनही बघतो. पॅकमन वेगवान. माल ताजा फडफडीत. पण त्याच्याकडून अर्धं सामान नेऊन अर्धं उद्या नेतो म्हणालास तर पुढचं तुझं तू निस्तरायचं. तुझ्यासारख्या आळशी माणसाला तो नको.”

“आणि हा फ्लॅटपॅक?”

“तो म्हणजे सोलापूरच्या लग्नाला जाताना आपली गादी, तांब्या, साबण घेऊन जाणारा पाहुणा. यजमानाला तोशीस नाही. पण माळ्यावर त्याचं सामान किती झालं ते एकदा बघ.”

पाचव्याचं नाव निक्स. त्याच्याबद्दल काका आवाज खाली आणून बोलतात. “तो मोठा माणूस आहे,” म्हणतात, “अजून मला पुरता कळलेला नाही.” काकांना न कळलेलं काही या जगात आहे, हे ऐकून मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

पण या परीक्षेत काका मार्क कशाला देतात, ते ऐका. कोण लवकर बसवतो, कोण जागा कमी घेतो, हे ते बघतात, नाही असं नाही. खरे मार्क काढण्याला. “बसवायला काय,” ते म्हणतात, “सगळेच गोड बोलून बसवतात. काढताना कोण कसा वागतो ते बघावं. ज्याला काढायचं त्याच्या आधाराने दुसरं कोण उभं आहे, हे विचारतो का? गेल्यावर मागे काय काय राहिलं ते सांगतो का?” एप्टमध्ये काढायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत सॉफ्टवेअर जातं, पण त्याच्या आवडीनिवडी, सेटिंग वगैरे मागे राहतं. दुसरीत तेही पुसलं जातं. “पहिल्यात माणूस गेला पण चपला दारात राहिल्या,” काका म्हणाले, “दुसऱ्यात चपलाही गेल्या. मी नेहमी पहिली तऱ्हा वापरतो.” हे ते मला त्यांच्या दारात उभं राहून समजावत होते. दाराशेजारच्या स्टँडवर काकूंच्या चपला होत्या, धूळ पुसून ठेवलेल्या.

काकांचा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे खोटं काढणं. हा शब्द त्यांचा. काढण्याच्या आज्ञेला एक छोटीशी शेपटी जोडली की कारभारी खरं काही काढत नाही, नुसतं सांगतो की काढलंत तर हे हे जाईल. काका म्हणतात, ज्याने कुणी ही सोय शोधली त्याचे पाय धरावेत. “आधी खोटं काढा, मग खरं काढा,” हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून एकदा तरी येतंच.

माझा मेहुणा नीलेश सुकापूरला राहतो आणि कुठल्याशा आयटी कंपनीत आहे. एका रविवारी तो दुकानात आला आणि म्हणाला, भाऊजी, मशीन जड झालंय, नको ते काढून टाकतो. त्याने एक असा भाग काढायला घेतला जो म्हणे मी कधीच वापरत नव्हतो. कारभाऱ्याने विचारलं, पुढे जाऊ का? नीलेशने हो म्हटलं. मशीन हलकं झालं ते इतकं, की परत चालू केल्यावर पडद्यावर चित्र म्हणून काही उरलंच नव्हतं. संध्याकाळी हळदीच्या दोन हजार पत्रिका द्यायच्या होत्या. काका आले, नीलेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “त्याने तुला विचारलं होतं बरं का. काय काय जाणार ते सगळं वाचून दाखवलं होतं.” नीलेश म्हणाला, कोण वाचतं काका एवढं. काका म्हणाले, “मी वाचतो,” आणि बाहीची बटणं सोडून बसले. दुपारपर्यंत गेलेलं सगळं परत जागेवर होतं. नीलेश त्यानंतर दुकानात आला की हात मागे बांधून उभा राहतो.

हे कॉम्प्युटरपुरतं असतं तर आम्ही त्याला छंद म्हटलं असतं. पण काका सगळ्या जगाला हाच नियम लावतात. बिल्डिंगच्या गच्चीवर एक गंजका पाइप होता, तो काढायचा असं मीटिंगमध्ये ठरत होतं. पाटील म्हणाले, “ह्यो पाइप काय कामाचा नाय. नुसता अडचण हाय.” सगळ्यांनी माना डोलावल्या. काका उठले. “आधी खोटं काढा.” कुणाला काही समजेना. काका म्हणाले, पाइप काढू नका, त्याचा कॉक बंद करा, आणि दोन दिवस बघा कोण ओरडतं. पाटलांनी हसत हसत कॉक बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडाला साबण लावलेले पाटीलच टॉवेलवर गच्चीत धावत आले. पाणी त्यांच्याच घरात जात होतं. तेव्हापासून आमच्या सोसायटीत कुंडीही हलवायची असली की काकांना विचारतात. मला या माणसाचं खरोखर कौतुक वाटतं. एखादी वस्तू बिनकामाची आहे असं म्हणण्याआधी इतकं थांबणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

तर मग एका शुक्रवारी दुपारी काका दुकानात आले. एस्थरचा निरोप आला होता, पप्पा, आता नक्की काय ते सांगा, तिकीट काढते. काका स्टुलावर बसले आणि म्हणाले, “संजय, उद्या मी नाही.”

“कुठे चाललात?”

“अश्दोदला.”

माझ्या हातातला कागद खाली पडला. “उद्या?”

“खोटा,” काका म्हणाले. “उद्या दिवसभर मी गेलेलो आहे असं धरायचं. कुणी मला काही विचारायचं नाही, मी कुणाला काही सांगायचं नाही. काय काय अडतं ते बघू. त्यावरून ठरवतो.”

“आणि तोवर राहणार कुठे?”

“तुझ्याकडे. माझ्याच घरात बसलो तर गेल्यासारखं वाटणार नाही.”

शनिवारी सकाळी ते खरंच आले. पांढरा शर्ट, पाण्याची बाटली. आमच्या हॉलमधल्या खुर्चीवर पाय जुळवून बसले, एसटीची वाट बघावी तसे. वैशालीने पोहे दिले तर म्हणतात, “मी इथे नाहीये गं.” ती म्हणाली, “असू दे, अश्दोदला काय मिळतंय कोण जाणे, खाऊन घ्या.” एरवी शनिवारी या वेळी काका जुन्या पनवेलातल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला गेलेले असतात. ऊन असो पाऊस असो, चालत जातात. मी म्हटलं, “आज प्रार्थना?” तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच अडाणी. “गेलेला माणूस प्रार्थनेला कसा जाईल?”

मग आम्ही बसलो बघत. पाण्याचा पंप इतर दिवशी काका चालू करतात, आणि शनिवारी पाटलांना वेळेवर आठवण करतात. आज पाटलांनी आठवणीवाचून वेळेवर चालू केला, वेळेवर बंद केला, टाकीही सांडली नाही. पहिल्या मजल्यावरच्या आजींचा मोबाइल अडकला, तो त्यांच्या सुनेने सोडवला. मी दुकानात चक्कर मारून आलो. मशीनने सांगितलं की नवीन माल आला आहे, मी नावं वाचली, हो म्हटलं, सगळं बिनबोभाट झालं. एकेक बातमी ऐकून काका “छान, छान” म्हणत होते. पण त्यांचा चेहरा उतरत चालला होता. पोह्यांची बशी अर्धी तशीच होती. मला एकदा वाटलं, खाली जाऊन निदान पाण्याचा एखादा कॉक तरी बिघडवून यावा.

“बरं झालं,” काका अखेर म्हणाले, “कुठे काही अडत नाही. एस्थरला सांगतो तिकीट काढ म्हणून.”

दुपारी जिन्यात काठीचा आवाज आला. आमचं दार उघडंच होतं. दोन म्हातारे गृहस्थ कठड्याला धरून वर चालले होते, दोघांच्याही डोक्यावर छोट्या गोल टोप्या. ते तिसऱ्या मजल्यावर गेले आणि काकांचं दार ठोठावून हाका मारू लागले. “रुबेन, ए रुबेन.” काका ओठ मिटून खुर्चीत बसून होते. गेलेला माणूस ओ कशी देईल? शेवटी मीच वर जाऊन त्या दोघांना खाली आणलं. काठीवाले शिमशोनभाऊ, वयाने काकांहून बरेच मोठे. दुसरे हायमभाऊ. दोघेही सिनेगॉगमधून थेट आले होते, उन्हातून चालत.

शिमशोनभाऊंना दम लागला होता. वैशालीने दिलेलं पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी काकांना आपादमस्तक न्याहाळलं. “बरं नाही का रे?”

“बरा आहे.”

“मग आला का नाहीस?”

मीच आपला सांगत सुटलो की काकांची ती एक पद्धत आहे, आज त्यांनी स्वतःला खोटं काढलंय, काय अडतं ते बघतायत. बोलताना मलाच ते कसंसं वाटत होतं. हायमभाऊंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आम्ही नऊ जण होतो.”

मला अर्थ लागला नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मग नीट समजावून सांगितलं. त्यांच्यात दहा मोठे पुरुष जमल्याशिवाय तोरा, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, कपाटातून बाहेर काढून वाचता येत नाही. एकेकाळी पनवेलात सणाच्या दिवशी सिनेगॉगमध्ये उभं राहायला जागा नसायची. मग एकेक कुटुंब इस्राएलला गेलं. आता बरोबर दहा उरलेत, त्यातले एक तर पेणहून येतात.

“थांबलो,” शिमशोनभाऊ म्हणाले. “हायम दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन बघून आला. म्हटलं रुबेन न सांगता राहणार नाही, वाटेत असेल. मग कपाट न उघडताच उठलो.” आवाजात तक्रार नव्हती. मग ते जरा पुढे वाकले. “जायचंय का तुला तिकडे? जा की. बायको आहे, नात आहे. फ्लोराची आठवण येत असेल तर राहू नको बाबा आमच्यासाठी. आम्ही घरी बसून वाचू.”

काका एकदम हसले. इतक्या मोकळेपणाने हसले की मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. “छे हो, शिमशोनभाऊ. आठवण कसली? ती तिकडे खूश, मी इकडे खूश. पाच मशीनं आहेत घरात, दिवस कसा जातो कळत नाही. आज जरा गंमत केली.”

“नक्की?”

“नक्की. पुढच्या शनिवारी तुमच्या आधी येऊन बसलेला असेन.”

म्हाताऱ्यांचे चेहरे खुलले. शिमशोनभाऊंनी उठता उठता काकांच्या पाठीत एक हलकीशी चापट मारली, आणि काका त्या दोघांना हात देऊन जिना उतरवून आले. कोपऱ्यापर्यंत सोडून आले ते सरळ आपल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशालीने घावणे केले होते, ते घेऊन मी वर गेलो. रविवार, परीक्षेचा दिवस. पण मशीनांवरची चादर काढलेली नव्हती. काका मोबाइल पुढ्यात धरून बसले होते आणि पडद्यावर फ्लोराकाकू होत्या, मांडीवर नात. मी परत फिरत होतो, तर काकांनी हातानेच बस म्हणून खूण केली.

“काल मी गेलो नाही,” ते काकूंना म्हणाले.

काकूंनी का, कशासाठी, काही विचारलं नाही. त्या म्हणाल्या, “किती होते?”

“नऊ.”

काकू काही वेळ नातीच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. “मग पुढच्या शनिवारी वेळेत निघा,” म्हणाल्या. “आणि तो पांढरा शर्ट धुवायला टाका. एस्थरशी मी बोलते, तुम्ही काही बोलू नका.” तेवढ्यात नात मांडीवरून उतरून पळाली, काकू तिच्या मागे उठल्या, आणि पडद्यावर नुसता तिकडचा पंखा दिसू लागला. काका तो पंखा बघत बसले. थोड्या वेळाने फोन आपोआप बंद झाला.

नवराबायकोचं बिनसलंय या वैशालीच्या तर्काची मला तेव्हा लाज वाटली. मी म्हटलं, “काका, तिकडे दहा काय, शंभर मिळतील ना प्रार्थनेला?”

“मिळतील की. तिथे मी आलो काय, नाही आलो काय, कोण मोजतंय? इथे दार उघडं ठेवून थांबतात.” त्यांनी घावण्याचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. “आणि तिचंही तसंच आहे बघ. एस्थरची शिफ्ट सुरू झाली की त्या पोरीला दुसरं कोण आहे? ती तिकडे लागते, मी इकडे लागतो.”

“आणि तुम्हाला?” मी विचारलं. “तुम्हाला कोण लागतं?”

काकांनी मोडलेला तुकडा परत बशीत ठेवला. बाहेर भाजीवाला ओरडत होता.

“मला फ्लोरा लागते,” ते म्हणाले. “रोज लागते. सकाळी उठल्यापासून लागते.” मग त्यांनी नॅपकिनला हात पुसले आणि माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, “पण हे खाली कुणाला बोलू नकोस. शिमशोनभाऊंच्या कानावर तर अजिबात जाऊ देऊ नकोस. त्या नऊ जणांना हे कळलं ना, तर ते स्वतः वर्गणी काढतील आणि मला विमानात बसवून येतील.”